पाच वर्षांचा करार आणि हमीदार वडील

प्रश्न : माझी मुलगी 19 वर्षांची आहे, पुण्यात बीएच्या शेवटच्या वर्षाला. कॉलेजात एकांकिका करते, यंदा अभिनयाचं बक्षीसही मिळालं. त्यानंतर अंधेरीतल्या एका एजन्सीने पाच वर्षांच्या एक्सक्लुझिव्ह कराराचा मसुदा पाठवला आहे. नोंदणी आणि पोर्टफोलिओचे (फोटोंच्या संचाचे) 45,000 रुपये, सगळ्या कमाईवर 25 टक्के कमिशन, आणि हमीदार म्हणून माझी सही. शुक्रवारपर्यंत उत्तर हवंय. माझे मेहुणे म्हणतात, ‘असली कलमं कोर्टात टिकत नाहीत, करून टाका सही.’ काय करू? – एक पालक, कराड

उत्तर :

नमस्कार. मसुद्याची आठही पानं वाचली. आधी शुक्रवार डोक्यातून काढून टाका. तुमच्या मुलीच्या जिवावर पाच वर्षं कमाई होईल असं ज्याला खरंच वाटतं, तो आणखी आठ दिवस थांबतो.

मेहुण्यांचं म्हणणं निम्मं बरोबर आहे, म्हणूनच मला त्याची जास्त भीती वाटते. 1872 च्या करार कायद्याचं कलम 27 सांगतं की कुणाला कामधंदा करण्यापासून अडवणारी अट रद्दबातल. आपल्या श्रीरामपूरच्या क्रिकेटपटू झहीर खानचं प्रकरण याच मुद्द्यावर सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं होतं. त्याचा एजन्सीशी तीन वर्षांचा करार होता, तो 2003 मध्ये संपला. संपल्यावरही दुसऱ्या कुणाची ऑफर आली तर ती आधी आम्हाला दाखवायची, तेवढेच पैसे आम्ही दिले तर आमच्याकडेच राहायचं, असं एक कलम त्यात होतं. 2006 मध्ये कोर्टाने ते मोडीत काढलं. पण नीट बघा, हे सगळं करार संपल्यानंतरचं. मुदत चालू असताना ‘फक्त आमच्यामार्फतच काम’ ही अट कोर्टं सहसा मान्य करतात. म्हणजे तुमची मुलगी 24 वर्षांची होईपर्यंत कलम 27 च्या भरवशावर राहता येणार नाही. शिवाय झहीर खानला वकील परवडत होते.

आता ‘एक्सक्लुझिव्ह’ या शब्दाबद्दल. मागे एक मुलगा असाच करार घेऊन माझ्याकडे आला होता, सही करून. एक्सक्लुझिव्हचा अर्थ काय समजलास, विचारलं, तर म्हणाला, ‘मला खास ट्रीटमेंट देणार.’ खरा अर्थ, सगळं काम फक्त त्यांच्यामार्फत. बिचाऱ्याने मित्राच्या नाटकात काम केलं आणि प्रयोगाच्या नाइटमधूनही (एका प्रयोगाच्या मानधनातूनही) कमिशनची मागणी आली. तुमच्या मसुद्यात चौथ्या पानावर ‘सर्व माध्यमांतील सर्व उत्पन्न’ असंच लिहिलंय. त्यात नाटक आलं, डबिंग आलं, इन्स्टाग्रामवरची जाहिरात आली, उद्या तिने सुट्टीत लहान मुलांची नाट्यशिबिरं घेतली तर तीही आली. तिथे ‘एजन्सीने मिळवून दिलेल्या कामावर’ असे शब्द हवेत.

पैशांचा हिशेब कागदावर मांडून बघा. समजा 1 लाखाचं काम मिळालं. निर्माता 10 टक्के टीडीएस (आधीच कापून भरायचा आयकर) कापणार, 10 हजार. एजन्सीचे 25 हजार, आणि एजन्सी जीएसटीत नोंदलेली असेल तर त्या 25 हजारांवर 18 टक्के, म्हणजे आणखी साडेचार हजार. हातात 60,500. टीडीएस रिटर्न भरल्यावर हिशेबात येतो, पण कधी? निर्मात्याने तो तिच्या पॅनवर भरला असेल तर. या मसुद्यात सगळे पैसे आधी एजन्सीच्या खात्यात जाणार आहेत, त्यामुळे आयकर खात्याच्या नोंदीत ही कपात तिच्या नावावर दिसणारच नाही. पैसे तिच्या खात्यात यावेत आणि तिने बिलावर कमिशन द्यावं, तेही पैसे जमा झाल्यावर. मालिकांमध्ये 90 दिवसांनी पैसे मिळणं सर्रास आहे. त्याआधी कमिशन मागणाऱ्याला हात जोडावेत.

आणि ते 45,000. भूमिकांसाठी कलाकार निवडणाऱ्या कास्टिंग डिरेक्टरचे पैसे निर्माता देतो. एजंट किंवा कोऑर्डिनेटर कमिशनवर जगतो, कामानुसार 10 ते 20 टक्के मी पाहिलंय. काम देण्याआधीच जो कलाकाराकडून पैसे घेतो, त्याचा खरा धंदा फोटो काढण्याचा असतो. (फोटो वाईट काढतात असं नाही!) सुरुवातीला पांढऱ्या भिंतीसमोर, खिडकीच्या उजेडात, मेकअपशिवाय मोबाइलवर काढलेले चार फोटो आणि स्वतःची ओळख करून देणारा एक मिनिटाचा व्हिडिओ पुरतो.

तुमच्या सहीचा मुद्दा मी मुद्दाम मागे ठेवला. अठरा वर्षांखालील मुलाचा करार कायद्याने होतच नाही, तिथे पालकाची सही समजू शकतो. तुमची मुलगी सज्ञान आहे. मग तुम्ही कशाला? उत्तर सातव्या पानावर आहे : तिने मुदतीआधी करार सोडला तर 3 लाख रुपये, ‘कलाकार किंवा हमीदार’ यांच्याकडून. तिच्याकडे तीन लाख नाहीत हे त्यांना ठाऊक आहे. त्यांची नजर तुमच्या पगारावर आहे.

एजंट नकोच, असं माझं म्हणणं नाही. फोन वाजायला लागले, तारखा एकमेकींवर चढायला लागल्या, थकलेल्या पैशांचा तगादा लावायला माणूस हवा झाला, की चांगला कोऑर्डिनेटर सोन्यासारखा. तिचा फोन अजून वाजत नाहीये. आज तिला ऑडिशन हव्यात, आणि मराठीत त्या बहुतेक व्हॉट्सॲप ग्रुपवरून, ओळखीच्या दिग्दर्शकांकडून आणि कास्टिंगवाल्यांना पाठवलेल्या व्हिडिओवरून मिळतात. तिच्या एकांकिकेचा दिग्दर्शक आज या एजन्सीपेक्षा जास्त कामाचा.

तरीही तिला हीच एजन्सी हवी असेल, तर तिनेच (तुम्ही नव्हे) त्यांना मेल करावी : मुदत एक वर्ष; सहा महिन्यांत पाच ऑडिशन मिळाल्या नाहीत तर 30 दिवसांच्या नोटिशीवर करार संपेल; कमिशन 15 टक्के, फक्त त्यांनी आणलेल्या कामावर; नोंदणी फी नाही, हमीदार नाही; आणि तिच्या वतीने सही करण्याचा जो अधिकार सहाव्या पानावर मागितलाय, तोही नाही. फोनवर ‘हो हो, करू ॲडजस्ट’ म्हणतील. ते लेखी मागा. सुधारलेला मसुदा आला तर मला पाठवा, तोवर मूळ प्रतीवर कुणीच सही करू नका.