समुद्राकडे काचेची भिंत घ्यावी का?

प्रश्न : ताई, गुहागरजवळ आमची आठ गुंठे वडिलोपार्जित जागा आहे. मधोमध जुना फणस, पश्चिमेला उतार आणि खाली समुद्र. निवृत्तीनंतर तिथेच राहायचंय. मुलाचा आग्रह आहे की हॉलची पश्चिमेची भिंत अख्खी काचेची करावी, म्हणजे बाहेरची हिरवाई घरात येईल. कंत्राटदार म्हणतो, फणस मधे येतोय, काढून टाकू. काय करावं? – एक वाचक, पुणे

उत्तर : आधी फणसाचं सांगते. त्याला हात लावू देऊ नका. घर सरकवता येतं. पायाची खोदाई फांद्यांच्या घेराबाहेर ठेवा आणि बुंध्याभोवती भराव घालून पार बांधू नका, मुळं गुदमरतात.

आता काच. मुलाची हौस मला पटते. समुद्र दिसणाऱ्या जागी बंद खोल्या बांधणं हा अन्यायच आहे. पण कोकणात समुद्र दिसतो त्याच दिशेने उन्हाळ्यात दुपारचं ऊन येतं आणि जून लागला की झडही तिथूनच येते. काचेमागची खोली मे महिन्यात भट्टीसारखी तापेल. मग पडदे ओढाल, एसी लावाल, आणि बाहेरचं दिसायचं ते राहूनच जाईल.

मुंबईत कंबाला हिलवरच्या कांचनजंगा इमारतीत (१९८३) वास्तुरचनाकार चार्ल्स कोरियांपुढे हाच पेच होता. जुन्या बंगल्यांना चारी बाजूंनी व्हरांडे असत. तेच त्यांनी उंच इमारतीत आणलं. कोपऱ्यांत दोन मजले उंचीच्या, आत घेतलेल्या गच्च्या दिल्या.

तुमच्याकडे तर जमीन आहे. पश्चिमेला आठ फूट रुंद पडवी काढा आणि छपराची कड जमिनीपासून सात फुटांवर येऊ द्या. मे महिन्यातही चारच्या सुमारापर्यंत ऊन आतल्या भिंतीला लागणार नाही. त्यानंतर बांबूच्या चिका, म्हणजे गुंडाळता येणारे पडदे, सोडा. कड खाली आली की समुद्र दिसणार नाही, असं मुलगा म्हणेल. खुर्चीत बसल्यावर नजर चार फुटांच्या आतच असते, आणि तुमची जमीन उतरती आहे. खुशाल दिसेल. पडवी आणि हॉलच्या मधे घडीची लाकडी दारं आणि जाळी ठेवा, म्हणजे डासांपायी संध्याकाळी सगळं बंद करावं लागणार नाही. समोरच्या, पूर्वेच्या भिंतीलाही खिडक्या हव्यातच, नाहीतर वारा आत येऊन जाणार कुठून?

फणसाच्या बाजूला पन्हळ लावू नका, पानांनी तुंबते. पागोळ्या सरळ खाली पडू द्या. त्या पडतात तिथे जांभ्याची उथळ चर काढून पाणी उताराकडे न्या. भिंती जांभ्याच्याच करणार असाल, तर चिरा, म्हणजे जांभ्याचा घडवलेला दगड, पाणी पितो हे लक्षात ठेवा. पावसाच्या बाजूने छपराची झेप मोठी हवी. पूर्वी लोक पावसाळ्याआधी पडवीला झावळ्यांची झापं बांधत. तुम्ही काढता-घालता येतील असे पडदे करून घ्या आणि त्यांच्या कड्या बांधकामातच बसवा.

आराखडा एवढ्यात पक्का करू नका. जुलैत दोन-चार दिवस जागेवर जाऊन राहा, झड कुठवर पोचते ते बघा आणि पडवीची रुंदी त्यावरून ठरवा.