पार्ट्स ऑफ स्पीच पाठ आहेत, पण वाक्यात ओळखता येत नाहीत. काय करावं?

पार्ट्स ऑफ स्पीच म्हणजे शब्दांच्या आठ जाती; त्यांच्या आठही व्याख्या पाठ असूनही वाक्य समोर आलं की गोंधळ होतो, असं तुम्ही लिहिलंय. सोलापूरच्या पूर्व भागात मी इंग्रजीच्या शिकवण्या घेते. मराठी माध्यमातल्या बहुतेक मुलांना हेच जड जातं, कारण ती नुसता शब्द बघून त्याची जात ठरवतात.

व्याख्या नव्याने घोकू नका. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण लिहिलं ते इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर, त्यामुळे नाम, सर्वनाम, विशेषण या जाती तुमच्या ओळखीच्याच आहेत. फरक वेगळाच आहे. 'कुत्रा माणसाला चावला' आणि 'माणसाला कुत्रा चावला', दोन्हींत चावणारा कुत्राच, कारण 'ला' प्रत्यय सगळं सांगतो. इंग्रजीत 'द डॉग बिट द मॅन' मधली नावं उलटी केली की चावणारा माणूस होतो! तिथे जागेला महत्त्व आहे.

म्हणून प्रत्येक वेळी विचारा, हा शब्द इथे काय काम करतोय? 'ड्रिंक वॉटर' मध्ये वॉटर नाम, 'वॉटर द प्लांट्स' मध्ये क्रियापद. 'अ फास्ट बस' मध्ये फास्ट विशेषण, 'द बस रन्स फास्ट' मध्ये क्रियाविशेषण. आधी क्रियापद शोधा, मग ते कोण करतंय ते. उरलेले शब्द नामाबद्दल सांगतात की क्रियेबद्दल, हे त्यानंतर कळतं. ए, ॲन, द हे शालेय व्याकरणात विशेषणांतच धरतात. इंटरजेक्शनवर, म्हणजे 'अरेरे', 'वा' अशा उद्गारांवर, वेळ घालवू नका, ते सहज ओळखू येतं.

खरी मेहनत प्रिपोझिशनवर घ्या. आपलं शब्दयोगी अव्यय नामाच्या मागून येतं, 'टेबलाखाली'. इंग्रजीत ते आधी येतं, 'अंडर द टेबल'. माझ्याकडच्या मुलांच्या घरी तेलुगू, कन्नड, उर्दूही बोलतात, पण त्या भाषांतही असे शब्द बहुतेक नामामागेच येतात. त्यामुळे घरची भाषा कुठलीही असो, इथे सगळेच अडखळतात. शिवाय पुढे काय येतं तेही बघा. 'आफ्टर लंच' मध्ये आफ्टर प्रिपोझिशन, पण 'आफ्टर शी लेफ्ट' मध्ये पुढे कर्ता-क्रियापद आलं, म्हणून कंजंक्शन, म्हणजे वाक्यं जोडणारा शब्द.

सरावासाठी शब्दकोशात 'राउंड' काढा. नाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण, प्रिपोझिशन, पाचही सापडतील. प्रत्येकाचं एकेक वाक्य स्वतः करा आणि इथे लिहा, मी तपासून देईन.