तीन डॉक्टर, तीन नावं आणि झोपेत घोरणारा मुलगा

"मावशी, माझा मुलगा 8 वर्षांचा आहे. वर्गात एका जागी बसत नाही, वही फेकतो, मागच्या महिन्यात बाजूच्या मुलाला चावला. एका डॉक्टरांनी वीस मिनिटांत एडीएचडी (लक्ष न टिकणं, अति चंचलपणा) सांगितलं, म्हणाले गोळी सुरू करू, फरक पडला तर तेच आहे समजा. दुसऱ्या मॅडम म्हणतात ऑटिझम (इतरांशी बोलण्या-मिसळण्यात वेगळेपण) वाटतोय. तिसरे म्हणाले काही नाही हो, लाडावलाय. घरी तोच मुलगा ठोकळे घेऊन दोन दोन तास खेळतो. त्रास जास्त लिहायच्या तासाला आणि सकाळी उठल्या उठल्या. रात्री झोपेत पण वळवळतो, घोरतो. नवरा म्हणतो मीपण असाच होतो. कोणाचं खरं मानू?"

अगं, तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि दरवेळी त्या घोरण्यापाशी अडकले. तू ते जाता जाता लिहिलंयस, पण मला आधी तेच विचारायचंय, सर्दी झाली की घोरतो का रोज? रोज असेल, तोंड उघडं ठेवून झोपत असेल, तर टॉन्सिल किंवा नाकाच्या मागच्या गाठी, म्हणजे अ‍ॅडिनॉइड, वाढलेले असू शकतात, त्याने श्वास अडकतो, झोप रात्रभर तुटत राहते आणि त्याला स्वतःला सकाळी काही आठवत पण नाही. आपली झोप झाली नाही की आपण पेंगतो, लहान मुलं पुष्कळदा उलटी वागतात, जास्त नाचतात, चिडतात, कशातच लक्ष लागत नाही. दिवसा बघणाऱ्याला ते अगदी एडीएचडीसारखंच दिसतं. तुझ्या मुलाला हेच झालंय असं मी म्हणत नाही, मी डॉक्टर नाही, आणि खरा एडीएचडी असलेल्या मुलांचीही झोप बिघडलेली असू शकते. पण तीन जणांनी नाव दिलं आणि त्यातल्या एकाने तरी विचारलं का गं, की हा रात्री झोपतो कसा?

एडीएचडीची रक्ताची टेस्ट नसते, स्कॅनमध्ये तो दिसत नाही. सगळं माहितीवर चालतं. त्रास कमीत कमी 6 महिने तरी असायला हवा, घर आणि शाळा अशा दोन ठिकाणी तरी दिसायला हवा, 12 वर्षांच्या आधीपासून असायला हवा, आणि त्यामुळे मुलाचं खरंच अडत असायला हवं. आता हे वीस मिनिटांत केबिनमध्ये बसून कसं कळणार? शाळेतल्या बाईंना त्याच्या वागण्याबद्दलचा फॉर्म भरायला दिला होता का? नसेल तर ते निदान अर्धवट आहे, मग डॉक्टर कितीही मोठे असोत. आणि गोळीने फरक पडला म्हणजे तेच, हे तर अजिबात धरून चालू नकोस. 1978 मध्ये अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ रापोपोर्ट यांनी कुठलाच त्रास नसलेल्या मुलांना एडीएचडीसाठी देतात तसंच एक उत्तेजक औषध देऊन पाहिलं होतं, त्यांचंही लक्ष सुधारलं. गरज असेल तर ही औषधं खरंच चांगली असतात, त्यांना घाबरू नकोस, फक्त गोळीकडून निदान करून घेऊ नकोस.

आणि ते ठोकळे. "दोन तास बसतो ना, मग कसला एडीएचडी" असं कोणी म्हटलं तर तेही ऐकू नकोस. आवडीच्या गोष्टीत ही मुलं तासन्‌तास रमतात. माझं लक्ष दुसरीकडे जातंय, लिहायच्या तासाला. वाचता लिहिता येताना अक्षरं जुळत नसतील, हात दुखत असेल, फळ्यावरचं नीट दिसत नसेल, तर सगळ्या वर्गासमोर "याला येत नाही" असं दिसण्यापेक्षा वही फेकलेली बरी असं 8 वर्षांच्या पोराला वाटतं गं. माझ्या बहिणीच्या मुलाला चौथीपर्यंत हट्टी, उद्धट काय काय म्हणून झालं आणि शेवटी निघालं काय, तर कानाच्या पडद्यामागे पाणी साचत होतं, त्याला अर्धं ऐकूच येत नव्हतं. इतकी वर्षं तो बोलणी खात होता ते आठवलं की अजून पोटात तुटतं.

ऑटिझम म्हणणाऱ्या मॅडमना उडवून लावू नकोस. दोन्ही एकाच मुलात असू शकतं. अमेरिकेच्या ज्या मॅन्युअलवरून बरेच डॉक्टर निदान करतात त्यात 2013 पर्यंत दोन्ही एकत्र लिहायला परवानगी नव्हती, आता आहे. पण त्यांना विचार, नेमकं काय बघून वाटलं? दीड-दोन वर्षांचा असताना हाक मारली की बघायचा का, बोट दाखवून वस्तू दाखवायचा का, खोटं खोटं खेळायचा का, हे लागतंच. जुने व्हिडिओ असतील ना मोबाईलमध्ये, ते शोधून ठेव.

नवऱ्याशी भांडू नकोस, त्याला सोबत घेऊन जा. एडीएचडी घराण्यात चालत येतो, त्यामुळे "मीपण असाच होतो" ही डॉक्टरांच्या कामाची माहिती आहे, ती त्यानेच सांगू दे.

आता चौथं मत घेण्याआधी दोन आठवडे थांब आणि वहीत लिही: किती वाजता बिघडला, त्याच्या आधी काय चाललं होतं, रात्री किती झोपला. चावला त्या दिवशी आधी काय झालं होतं तेही बाईंना विचार. मध्येच काही सेकंद शून्यात बघत राहतो आणि खांद्याला हात लावला तरी भानावर येत नाही असं होत असेल तर तेही लिही, ती फिट असू शकते. कान आणि डोळे तपासून घे. मग हे सगळं आणि तिघांचे कागद घेऊन डेव्हलपमेंटल पीडियाट्रिशियन (मुलांची वाढ आणि वागणं बघणारे बालरोगतज्ज्ञ) किंवा मुलांच्या मानसोपचारतज्ज्ञाकडे जा आणि एकच प्रश्न विचार, "हे नसेल तर अजून काय असू शकतं, आणि ते नाही हे तुम्ही कशावरून ठरवलं?" नीट उत्तर देतील त्यांच्याकडेच राहा. तोवर बाईंना सांग की लिहायला थोडं कमी द्या, बाकी तोंडी विचारा, त्याला कुठल्या निदानाची वाट बघायची गरज नाही.

आणि आज रात्री तो झोपला की जवळ बसून व्हिडिओ काढ. छाती वरखाली होतेय पण श्वासाचा आवाज मध्येच बंद होतोय असं दिसलं, तर दोन आठवडे थांबू नकोस, तो व्हिडिओ घेऊन याच आठवड्यात कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा.