लहानपणी डोळ्यांबद्दल तुमचे कोणते गमतीदार गैरसमज होते?

पुष्कळ होते. पण त्यातल्या एकापायी मी सहा महिने मरणाची वाट बघत होते, म्हणून तो नीट सांगते. बाकीचे जाता जाता.

मी चौथीत असताना मे महिन्यात मामेबहिणीचं लग्न होतं. आजोळी, वाईजवळच्या गावात. मुहूर्त दुपारचा. सप्तपदी झाल्यावर गुरुजींनी नवरा-नवरीला मांडवाबाहेर आणलं, रणरणत्या उन्हात आभाळाकडे बोट केलं आणि विचारलं, "अरुंधती दिसली?" ताईने कपाळावर हात आडवा धरला आणि म्हणाली, "दिसली." मी थक्क. मला सूर्याशिवाय काही दिसेना. लग्न झालं की नजर सुधारते, असा एक गैरसमज मी तिथल्या तिथे करून घेतला.

रात्री गच्चीवर गाद्या पडल्या आणि आजीने खरी अरुंधती दाखवली. सप्तर्षींचा पतंग, त्याची शेपटी, शेपटीच्या टोकाकडून दुसरा तो वसिष्ठ आणि त्याला खेटून बारीक ठिपका ती अरुंधती. सगळी पोरं "दिसली, दिसली" करून ओरडली. मला वसिष्ठाच्या जागी पिंजलेल्या कापसाचा पुंजका दिसत होता. तारे असेच असतात, हे मी धरूनच चालले होते. तेवढ्यात पलीकडच्या गादीवरून चुलत आजी जांभई देत म्हणाली, "ज्याला अरुंधती दिसत नाही ना, तो सहा महिन्यांत जातो."

मी लगेच म्हटलं, "दिसली!"

चुलत आजीने हे पदरचं सांगितलं नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं. सुश्रुतसंहितेतच आहे: अरुंधती, ध्रुव किंवा आकाशगंगा ज्याला दिसत नाही, त्याचं आयुष्य संपत आलं असं समजावं. तेव्हा मात्र मी घरी आल्यावर कॅलेंडरवर महिने मोजले. मुदत नोव्हेंबरच्या मध्यावर संपत होती आणि त्या वर्षी दिवाळीही नेमकी तेव्हाच होती. चकल्या तरी खायला मिळतील का, याची काळजी लागली. कुणाला काही बोलले नाही. शेजारच्या मैत्रिणीला माझे पाचही सागरगोटे देऊन टाकले. ती म्हणाली, "का गं?" मी म्हटलं, "असंच."

जुलैत शाळेत डोळे तपासायला डॉक्टर आले. व्हरांड्याच्या एका टोकाला अक्षरांचा तक्ता, दुसऱ्या टोकाला खडूची रेघ आणि रेघेमागे आम्ही रांगेत. ही परीक्षा आहे आणि हिचा अभ्यास करता येतो, हा माझा दुसरा मोठा गैरसमज. पुढच्या मुली मोठ्याने वाचत होत्या. माझी पाळी येईपर्यंत खालच्या तिन्ही ओळी तोंडपाठ. डावा डोळा झाकून मी पाढे म्हणावेत तशा घडाघडा म्हटल्या. डॉक्टर म्हणाले, "छान. आता उलटीकडून." घात झाला. कागदावर आलं 6/18.

मी रीतसर टक्केवारी काढली. अठरापैकी सहा म्हणजे तेहतीस टक्के. पास व्हायला लागतात पस्तीस. घरी जाऊन बाबांना रडत सांगितलं, "मी डोळ्यांत दोन टक्क्यांनी नापास झाले." बाबा आधी हसले आणि मग त्यांनी मला जे समजावलं, ते मी आजही लोकांना सांगते. वरचा सहा हे गुण नव्हेत, ते अंतर. तुम्ही तक्त्यापासून सहा मीटरवर उभे असता. चांगला डोळा जी ओळ अठरा मीटरवरून वाचतो, ती वाचायला तुम्हाला सहा मीटरवर यावं लागतं. बस्स. ही पद्धत स्नेलेन नावाच्या डच डॉक्टरने 1862 मध्ये काढली. हे मात्र मी मोठेपणी वाचलं, बाबांना नाव माहीत नव्हतं.

चष्म्याचा नंबर आला वजा दीड. 'नंबर आला' म्हटल्यावर पेढे नाहीत, उलट आईचा चेहरा पडलेला. मुलीच्या जातीला चष्मा, म्हणून. काकूचं म्हणणं, चष्मा लावला की नंबर वाढतो, त्यापेक्षा गाजरं खाऊ घाला. जुलैत गाजरं कुठली! 'अ' जीवनसत्त्व कमी पडलं तर रातांधळेपणा येतो, तिथे गाजराचा उपयोग आहे. पण माझा नेत्रगोल लांबट, तो गाजराने आखूड होणार नव्हता. वजा दीडचा अर्थ एवढाच, की शंभर सेंटिमीटरला दीडने भागा, साधारण सदुसष्ट येतात. दोन-सव्वादोन फुटांपलीकडचं जग मला पुसट दिसायचं.

आता जाता जाताचे. 'डोळे आले' म्हटलं की मी विचारायची, आधी कुठे गेले होते? आणि तो काळा चष्मा रोग्याच्या डोळ्यातून निघणारं काहीतरी अडवण्यासाठी असतो, असं आम्ही सगळेच मानायचो. डोळे आलेल्या मुलाशी आम्ही खाली मान घालून बोलायचो आणि त्याच्याच रुमालाला हात पुसायचो. साथ पसरते ती हातांनी आणि रुमालांनी, बघून नाही. रांजणवाडी कुत्र्याला शी करताना बघितलं की होते, हे तर आमच्या आळीत सर्वमान्य होतं. कुणाला रांजणवाडी झाली की "काय बघितलंस?" म्हणून चिडवायचे. पापणीच्या केसाजवळच्या ग्रंथीत जंतू शिरतात, त्यात कुत्र्याचा काही दोष नाही. डोळे बारीक केले की लांबचं दिसतं, हा मात्र गैरसमज नव्हता. फट लहान झाली की आत येणारा प्रकाश कमी फाकतो.

माझ्या अरुंधतीचं झालं होतं ते याच फाकण्यामुळे. वसिष्ठ आणि अरुंधती यांच्यातली फट चंद्राच्या रुंदीच्या तिसऱ्या हिश्शाहून जराशी जास्तच आहे, निरोगी डोळ्याला ती सहज कळते. पण माझ्या डोळ्यात वसिष्ठाचा प्रकाश पसरायचा आणि अरुंधती मुळातच अंधूक, ती पसरली की संपलीच.

चष्मा ऑगस्टमध्ये आला. बाहेर ढग. आभाळ मोकळं झालं तोवर सप्तर्षी संध्याकाळीच मावळायला लागले होते. शेवटी एका रात्री मी बाबांना सगळं सांगून टाकलं. या वेळी ते हसले नाहीत. म्हणाले, "दिवाळीच्या पहाटे उगवलेले असतात. बघू."

नरक चतुर्दशीला सगळ्यांच्या आधी उठले. अंगाला तेल चोपडलेलं, नाकावर चष्मा, त्याच्या काचेवरही तेलाचं बोट. फ्रॉकच्या टोकाने काच पुसली. ईशान्येला, लिंबाच्या झाडावर, सप्तर्षींचा पतंग शेपटी खाली करून उभा होता. वसिष्ठ टोकदार. आणि त्याच्या शेजारी, अगदी शेजारी, दुसरा ठिपका.

आई न्हाणीघरातून पाणी निवतंय म्हणून ओरडत होती. मी तशीच तेलकट अंगाने शेजारी गेले आणि मैत्रिणीला उठवून सागरगोटे परत मागितले.

तिने दिले नाहीत.