आकडे वाढले म्हणजे अन्न बिघडलं का?

तुमचा प्रश्न असा की अमेरिकेत सायक्लोस्पोरा आणि यर्सिनिया या अन्नातून येणाऱ्या जुलाबाच्या जंतूंचे रुग्ण पूर्वीपेक्षा बरेच जास्त नोंदले जातात, तर तिथलं अन्न जास्त दूषित झालंय का? मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते. नुसत्या त्या आकड्यावरून असं म्हणता येत नाही.

पूर्वी जे शोधायला सांगितलं तेच सापडायचं. सायक्लोस्पोरा हा परजीवी. तो कल्चरमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेतल्या पोषक माध्यमात, वाढतच नाही. खास रंगद्रव्य वापरून सूक्ष्मदर्शकाखाली बघावा लागायचा, तोही डॉक्टरांनी लिहून दिलं तरच. २०१३च्या सुमारास पीसीआरची, म्हणजे जंतूंचा डीएनए शोधणारी, पॅनेलं आली. शौचाचा एकच नमुना, आणि काही तासांत डझनभर किंवा जास्त जंतूंची तपासणी. कुणी न मागताही जंतू सापडू लागले.

ई. कोलायचंही तेच. ओ१५७ हा प्रकार सॉर्बिटॉल पचवत नाही, त्यामुळे सॉर्बिटॉलच्या प्लेटवर त्याच्या रंगहीन वसाहती लगेच उठून दिसतात. शिगा विष बनवणारे त्याचे बाकीचे बहुतेक भाऊबंद सॉर्बिटॉल पचवतात, म्हणून या प्लेटवर ते निरुपद्रवी ई. कोलायसारखेच दिसायचे. पीसीआर थेट विषाचं जनुक शोधते. तिला शिगेला हा जुलाबाचा जंतू आणि एका जातीचा ई. कोलाय मात्र वेगळे ओळखता येत नाहीत, कारण शिगेलासाठी ती जे जनुक शोधते ते दोघांतही असतं. मेलेल्या जंतूचा डीएनएही तिला पुरतो.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. पीसीआर उत्तर देते, पण जिवंत जंतू हाती देत नाही. १९९३मध्ये हॅम्बर्गरमधून ओ१५७ची मोठी साथ आली. त्यानंतर १९९६मध्ये पल्सनेट हे प्रयोगशाळांचं जाळं सुरू झालं. ते रुग्णांपासून मिळालेल्या जंतूंचे डीएनए-ठसे ताडून बघतं. २०१९पासून त्यासाठी संपूर्ण जीनोम वाचतात. वेगवेगळ्या राज्यांतल्या सहा जणांना साल्मोनेला झाला आणि सहाही जंतू जवळजवळ सारखे निघाले, तरच एकाच पाकिटबंद भाजीचा संशय घेता येतो. नुसतं ‘साल्मोनेला पॉझिटिव्ह’ म्हणजे आडनाव कळलं, पत्ता नाही.

म्हणून पॉझिटिव्ह नमुना पुन्हा कल्चरला लावतात. त्याने त्या रुग्णाचे उपचार सहसा बदलत नाहीत, त्यामुळे खर्च कोणी करायचा यावर घोडं अडतं. माझ्या मते तो सार्वजनिक आरोग्य यंत्रणेनेच उचलावा, फायदा तिचाच आहे. शिवाय घाईही हवी. कॅम्पिलोबॅक्टर तर इतका नाजूक, की नमुना योग्य माध्यमात न ठेवता पडून राहिला तर प्लेटवर काहीच येत नाही.

१९९६पासून चालणारं फूडनेट, म्हणजे अमेरिकेतली अन्नजन्य आजारांची नोंद ठेवणारी यंत्रणा, जिवाणूंचे कल्चरने सिद्ध झालेले आणि फक्त अशा नव्या चाचणीत सापडलेले रुग्ण वेगळे दाखवतं. आकडे वाचताना तो फरक आधी बघा. लिस्टेरिया सोबत ठेवून बघितलात तर आणखी बरं: त्याचं निदान मुख्यतः रक्ताच्या किंवा मेंदूजलाच्या कल्चरवरून होतं, त्यामुळे या पॅनेलांनी त्याचे आकडे फारसे फुगत नाहीत.