कोलंबस निघाला तेव्हा लोक पृथ्वी सपाट मानत होते का?

नाही, पृथ्वी गोल आहे हे 1492 मध्ये युरोपातल्या शिकलेल्या लोकांना चांगलंच ठाऊक होतं. क्विझमध्ये 'कोलंबसने सिद्ध केलं' असा पर्याय दिसला तर बिनधास्त खोडा. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात एराटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाने सावलीवरून पृथ्वीचा परीघसुद्धा काढला होता. कोलंबसला पश्चिमेकडे जाऊन आशिया गाठायचा होता; स्पेनच्या दरबारी पंडितांशी त्याचा वाद होता तो अंतराचा. कॅनरी बेटांपासून जपान जेमतेम साडेचार हजार किलोमीटर, हा त्याचा हिशोब. प्रत्यक्षात सुमारे चौपट. म्हणजे बरोबर होते ते पंडितच! मध्ये अमेरिका आडवी आली म्हणून गडी वाचला. सपाट पृथ्वीची कथा पसरायला अमेरिकन लेखक वॉशिंग्टन अर्विंगच्या 1828 च्या कोलंबस-चरित्राचा मोठा हातभार लागला. फक्त एक: कोलंबसची पृथ्वी अगदी चेंडूसारखी गोलही नव्हती. 1498 च्या तिसऱ्या सफरीत त्याने ती पेअरच्या फळासारखी, एकीकडे उंचावलेली असल्याचं लिहिलं.