सोलापूरहून बुडालेल्या जहाजापाशी डायव्हिंगला जायचे असल्यास तयारी कशी करावी?

आपण विचारले आहे की, सोलापुरातील आपण तिघे मित्र पुढील वर्षी एखाद्या बेटावर जाऊन बुडालेल्या जहाजापाशी स्कूबा डायव्हिंग करू इच्छिता, श्रीलंकेचे ‘हर्मिस’ आणि बालीचे ‘लिबर्टी’ ही दोन नावे मनात आहेत, तिघांनाही विहिरीत पोहता येते, पण तारकर्लीला एकदा पाण्याखाली जाऊन आल्यापलीकडे अनुभव नाही. मीही सोलापूरचाच. टॉवेलच्या कारखान्यात हिशेबाचे काम करतो आणि चाळिशी उलटल्यावर डायव्हिंग शिकून ‘लिबर्टी’वर पाच डाइव्ह करून आलो आहे. माझे स्पष्ट मत असे की, ‘हर्मिस’चा विचार सध्या सोडून द्यावा, बाली निवडावे, आणि विमानाची तिकिटे काढण्याआधी किमान सहा महिने शिक्षणाला द्यावेत.

‘हर्मिस’ ही ब्रिटिश विमानवाहू युद्धनौका 9 एप्रिल 1942 रोजी जपानी विमानांच्या बॉम्बहल्ल्यात बट्टिकलोआजवळ बुडाली आणि तिच्याबरोबर तीनशेहून अधिक माणसे गेली. ती सुमारे 53 मीटर खोलीवर आहे. दर 10 मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाने, म्हणजे पृष्ठभागावरील हवेच्या दाबाइतका, वाढतो, त्यामुळे तिथे शरीरावर सहापटीहून अधिक दाब असतो, हवेतील नायट्रोजनची गुंगी चढते आणि वर येताना ठरावीक खोलीवर थांबत थांबतच यावे लागते. हे टेक्निकल डायव्हिंगचे स्वतंत्र शिक्षण घेतलेल्यांचे काम आहे, मग कोणी कितीही स्वस्तात न्यायला तयार असो.

‘लिबर्टी’ची गोष्ट निराळी आहे. हे 1918 साली बांधलेले अमेरिकेचे मालवाहू जहाज. दुसऱ्या महायुद्धात घाऊक बांधलेल्या ‘लिबर्टी’ जातीच्या जहाजांशी त्याचा काही संबंध नाही, केवळ नाव सारखे आहे. रबर आणि रेल्वेचे सुटे भाग घेऊन जात असताना 11 जानेवारी 1942 रोजी लोंबोकच्या सामुद्रधुनीजवळ जपानी पाणबुडीचा टॉर्पेडो त्याला लागला. ओढून सिंगराजा बंदराला नेत असताना पाणी फार भरल्याने ते बालीच्या ईशान्य किनाऱ्यावर तुलाम्बेनला वाळूत चढवण्यात आले आणि एकवीस वर्षे तिथेच पडून राहिले. पुढे 1963 साली आगुंग ज्वालामुखीचा उद्रेक झाला, त्या हादऱ्यांनी ते घसरून समुद्रात गेले. आज ते एका कुशीवर पडलेले आहे. त्याचा वरचा भाग सुमारे 5 मीटरवर, तर सर्वांत खोल भाग सुमारे 30 मीटरवर आहे, आणि किनाऱ्यापासून ते इतके जवळ आहे की नावेची गरजच पडत नाही. नवशिक्याने वरच्या अर्ध्या भागात राहावे आणि अनुभवी माणसाने खाली उतरावे, अशी सोय एकाच ठिकाणी मिळणे दुर्मीळ आहे.

आता शिक्षणाविषयी, कारण माझ्या मते सहल इथेच ठरते. आपण सगळे विहिरीत शिकलो, म्हणजे छाती भरून श्वास घ्यायचा, सूर मारायचा आणि दम टिकेल तोवर खाली राहायचे, ही सवय अंगात मुरलेली असते. स्कूबामध्ये नेमकी हीच सवय जिवावर बेतू शकते. 10 मीटरवर फुप्फुसात घेतलेली हवा पृष्ठभागापर्यंत येता येता दुप्पट फुगते. दम रोखून वर आलात, तर फुप्फुस फाटू शकते. म्हणून पहिला धडा असा की, श्वास कधीही रोखायचा नाही, संथ आणि सतत घ्यायचा. मला ही जुनी सवय मोडायला जलतरण तलावातले चार दिवस लागले.

तारकर्लीला आपण जे केले ती प्रशिक्षकाने हात धरून घडवलेली ओळख होती. तिच्या जोरावर ‘लिबर्टी’चा थोडा उथळ भाग बघता येईल, पण जहाज बघितल्यासारखे होणार नाही. आपल्याला ‘ओपन वॉटर’ हा अभ्यासक्रम करावा लागेल. त्यात पुस्तकी भाग, तलावातील सराव आणि समुद्रातील चार डाइव्ह असतात, न थांबता 200 मीटर पोहून आणि 10 मिनिटे तरंगून दाखवावे लागते, आणि 18 मीटरपर्यंत जाण्याची पात्रता मिळते. त्यापुढील ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ची मर्यादा 30 मीटर. तलावाचा भाग पुण्यात उरकून समुद्रासाठी मुरुडेश्वरजवळचे नेत्राणी बेट किंवा गोवा गाठता येते. पावसाळ्यात मात्र हा किनारा बंद असतो. गोव्यात ग्रँड बेटापाशी ‘सुझीज रेक’ नावाने ओळखले जाणारे एक उथळ पाण्यातले जहाज आहे. तिथले पाणी गढूळ असते, आणि मला तेच उपयोगी पडले, कारण वाट न दिसता शांत राहायला तिथेच शिकलो.

अभ्यासक्रम संपला तरी लगेच बालीला जाऊ नये. आणखी आठ-दहा डाइव्ह करून पाण्यात एका पातळीवर स्थिर राहणे साधावे. ‘लिबर्टी’वरच्या दुसऱ्या डाइव्हमध्ये मला तोल राखता आला नाही आणि मी घाबरून एक गंजकी तुळई पकडली. तिच्यावर वाढलेल्या डंख करणाऱ्या जीवांनी तळहात असा भाजला की दोन दिवस घास धरवेना. जहाजाच्या आत शिरणे तर पूर्णपणे टाळावे. उघड्या दिसणाऱ्या कप्प्यांतही ऐंशी वर्षांचे गंजलेले लोखंड डोक्यावर असते.

मुक्काम कुटासारख्या दक्षिणेकडील गर्दीच्या भागात न ठेवता तुलाम्बेनलाच ठेवावा. विमानतळापासून गाडीने अडीच ते तीन तास लागतात, त्यामुळे दक्षिणेकडून येणारे लोक नऊ-दहाच्या सुमारास पोहोचतात आणि मग जहाजावर गर्दी होते. आपण पहाटे सहाला पाण्यात असावे. किनाऱ्यावर वाळू जवळजवळ नाही, ज्वालामुखीचे काळे गोटे आहेत आणि लाटेबरोबर ते पायाखाली गडगडतात. म्हणून जाड तळव्याचे बूट घ्यावेत आणि फिन्स (पायात घालायचे पोहण्याचे पंख) कमरेएवढ्या पाण्यात गेल्यावरच चढवाव्यात. त्याच गोट्यांवरून गावातल्या बायका डोक्यावर चुंबळ ठेवून भरलेले सिलिंडर घेऊन सहज चालत जातात. त्यांना पैसे नीट मिळतात ना, हे आपल्या डायव्हिंग केंद्राला अवश्य विचारावे.

पहाटेचे सांगतो. जहाजाच्या आडोशाला रात्र काढलेले, कपाळावर टेंगूळ असलेले बंपहेड पॅरटफिश हे मासे उजाडताना कळपाने बाहेर पडतात. ते सव्वा मीटरपर्यंत वाढतात. त्यातला एक माझ्यापासून दोन हातांवर प्रवाळ तोडत होता आणि पाण्यातून कडक भाकरी मोडल्यासारखा आवाज स्वच्छ ऐकू येत होता. तो ऐकण्यासाठी मी पुन्हा तेवढा प्रवास करीन.

एप्रिल ते नोव्हेंबर हा कोरडा काळ चांगला. डिसेंबर ते मार्च पाऊस आणि लाटा असतात. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी. विमानतळावर मिळणाऱ्या 30 दिवसांच्या व्हिसाला 5,00,000 इंडोनेशियन रुपिया आणि बालीच्या पर्यटन कराचे 1,50,000 रुपिया लागतात. निघण्याआधी हे आकडे अधिकृत संकेतस्थळावर पुन्हा पाहावेत. दमा, फिट, हृदयविकार किंवा कानाच्या पडद्याचा त्रास असल्यास डॉक्टरांचा लेखी होकार आधी घ्यावा. साध्या प्रवास विम्यात स्कूबा बहुधा वगळलेले असते, म्हणून किती खोलीपर्यंत संरक्षण आहे ते पॉलिसीत वाचूनच घ्यावे. रीकम्प्रेशन चेंबर, म्हणजे शरीरात नायट्रोजनचे बुडबुडे झाल्यास उपचार करण्याची दाबाची खोली, बालीची राजधानी डेनपसारला, म्हणजे तुलाम्बेनपासून काही तासांवर आहे.

परतीचा दिवस ठरवताना बहुतेकांची एक चूक होते. शेवटच्या डाइव्हनंतर विमानात बसण्यापूर्वी किमान 18 तास जाऊ द्यावे लागतात, मी 24 धरतो, कारण शरीरात विरघळलेला नायट्रोजन कमी दाबाच्या हवेत बुडबुडे होऊन सांध्यांत आणि मज्जारज्जूत अडकू शकतो. हे विमानाइतकेच डोंगरालाही लागू आहे. दिवसभर डायव्हिंग करून त्याच रात्री 1,717 मीटर उंचीच्या बातूर पर्वतावर सूर्योदय पाहायला नेणारे गाडीवाले तुलाम्बेनमध्ये सहज भेटतात; त्यांना नकार द्यावा. बातूर पाहायचाच असेल, तर तो पहिल्या दोन दिवसांत, पाण्यात उतरण्यापूर्वी उरकावा, आणि डाइव्ह संपल्यानंतरचा पूर्ण दिवस अमलापुराच्या खालच्या रस्त्याने विमानतळाकडे सावकाश येण्यासाठी मोकळा ठेवावा.